बुटाच्या नाडीची मूठ

कर्रर्र... घर सामसूम होतं. लेक दुपारची झोपली होती. आईनं मला पलंगाखालून ओढलं आणि माझी चेन उघडली. दोन वर्षं गंजलेली चेन, ती आवाज न करता उघडेल कशी? लेक दचकून उठली आणि थेट माझ्यात येऊन बसली. "मला पण भर! बाबांकडे!"

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे. निळ्या कापडाची, दोन चाकांची. त्यातलं एक चाक वळताना खोकतं.

कारखान्यात एका बाईनं माझं अस्तर शिवलं. शिवता शिवता ती शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगत होती, म्हणून एका कोपऱ्यात टाके वाकडे पडलेत. दुकानात बाबांनी मला उचलून, थोपटून, वर बसूनसुद्धा पाहिलं. "दणकट आहे," ते म्हणाले. तेवढी एकच स्तुती मी अजून पुरवून पुरवून वापरते आहे.

बाबांना दूरच्या समुद्राकाठी एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली होती. विमानतळाच्या दारात पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभं राहायचं, बॅगा उचलायच्या, त्यांना गाडीत बसवून हॉटेलवर न्यायचं. पहिल्याच प्रवासात माझी मूठ तुटली. बाबांनी आपल्या बुटाची नाडी काढली, मुठीवर गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि एक बूट फटक फटक वाजवत चालू लागले. त्या गाठीवर त्यांचा अंगठा नेमका बसायचा.

मग चाक बिघडलं. बाबांनी नवी बॅग घेतली. "हिला राहू दे घरी," म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. तरी पलंगाखालच्या अंधारात, रंगखडू आणि एका हाताची बाहुली पोटात घेऊन, मी ते वाक्य रोज आठवत असे.

दोन वर्षं त्यांना घरी येता आलं नाही. शेवटी फोनवर म्हणाले, "तुम्हीच या. मी रजा टाकतो. दारात उभा राहीन, आणि पाटीवर माझ्या भिंगरीचं नाव लिहीन." भिंगरी म्हणजे आमची लेक. नुकतंच तिला नाव लिहिता-वाचता येऊ लागलं होतं. ती पाटी बघायला ती विमानात बसली.

उतरलो त्या विमानतळावर सगळे सुट्टीवर आलेले. डोक्यावर रुंद टोप्या, छपराखालीसुद्धा काळे चष्मे. भिंतीवर रंगवलेला समुद्र. खिडकीमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "सुट्टीला?" आई जरा अडखळली, मग "हो" म्हणाली. सरकत्या पट्ट्यावर चकचकीत बॅगा मला ढुश्या देत होत्या. "ती बघ आपली खोकणारी बॅग!" भिंगरी ओरडली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाहेरच्या दाराशी पांढऱ्या गणवेशातली माणसं ओळीनं उभी होती, हातात पाट्या. भिंगरी एकेका पाटीपुढे थांबू लागली. "हे नाही. हे पण नाही." शेवटच्या पाटीमागे बाबा होते. वाळलेले, डोक्यावर टोपी. पाटीवर चार लांबलचक नावं होती. तिचं नव्हतं. बाबांच्या पाठीशी साहेब घड्याळ बघत उभा होता.

चार पाहुणे आले. बाबा हसले. तसं हसताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. बॅगा उचलायला वाकले तेव्हा त्यांचा हात माझ्या मुठीवर आला. अंगठा गाठीवर एकदा दाबला गेला.

"सकाळी साहेबांनी रजा रद्द केली गं," ते मान वर न करता पुटपुटले. "यांना पोचवून येतो. तासाभरात. तिथं बाकावर बसा."

"अहो, ही तुमची..." आईचं वाक्य तसंच राहिलं.

"आई, बाबांनी मला पाहिलंच नाही."

"पाहिलं गं. कामावर आहेत ना."

तास झाला. दोन झाले. बाबा दोनदा आले, दोन्ही वेळा दुसऱ्याच पाट्या घेऊन. लांबूनच हात करून 'आलोच' म्हणाले आणि गेले. झाडणारी बाई बाकापाशी आली. "जरा पाय वर घ्या, ताई. दिवसभर लोकांच्या चपलांतली वाळू भरते मी. समुद्र म्हणाल, तर अजून लांबूनच बघितलाय."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, चेनवर मेणबत्ती घासा. आणि तिच्यावर कुणाच्या हातची गाठ असेल, तर ती सोडू नका. एवढंच मागते.

भिंगरीनं माझ्या खणातून खडू काढला. विमानाच्या तिकिटामागे मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि ते दोन्ही हातांनी छातीशी धरून दाराकडे तोंड करून बसली. "बाबांना लिहायला वेळ मिळाला नसेल."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते त्या लोकांना आधी का नेतात?"

"ते पाहुणे आहेत, राणी. पाहुण्यांचं आधी करायचं असतं."

"आणि आपण?"

"आपण घरचे." आईनं माझ्या मुठीवरची नाडी घट्ट धरली होती.

भिंगरीनं छातीशी धरलेलं तिकीट सरळ केलं.

"मग घरच्यांचं कधी करायचं असतं?"