आधी पुढे, मग वर

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँट घसरू नये म्हणून लावतात तो नव्हे. माझे काम माणूस घसरू नये हे. जाड सुती वीण, चार बोटे रुंदी आणि एका टोकाला दातेरी बक्कल, एवढेच माझे रूप. कारखान्यात माझ्यावर वजने टांगून पाहिली, मी तुटलो नाही, आणि माझी रवानगी इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत झाली.

तिथेच मला आजी-आजोबा भेटले. आजोबा सुतार, धिप्पाड गडी. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. आजी जेमतेम त्यांच्या खांद्याला लागतील एवढ्या. मुलगा नोकरीसाठी दूर राहायचा. आईला बाबांना खुर्चीवरून उठवता आले नाही, तर त्यांना शुश्रूषागृहात ठेवण्यावाचून इलाज नाही, असे त्याने खाली मान घालून सांगितले होते. आजींनी मला हातात घेतले आणि शिकवणाऱ्या ताईंकडे पाहिले.

ताईंनी मला आजोबांच्या कमरेला बांधले. त्यांना खुर्चीच्या कडेवर सरकवले, पावले गुडघ्यांच्या जरा मागे घेतली. आजींना लुळ्या बाजूला, अगदी जवळ उभे केले. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ. लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेकू द्यायचा आणि तळहात वर करून पट्टा धरायचा. हात किंवा बगल धरून ओढायचे नाही, कारण लुळा खांदा सैल असतो, पटकन निखळतो.

आजींना सगळे जमले, एक सोडून. आजोबा पुढे वाकले, की ते तोंडावर पडतील या भीतीने आजींचा हात त्यांच्या छातीवर जायचा आणि त्यांना मागे रेटायचा. आजोबा पुन्हा खुर्चीत. असे कितीदा तरी झाले. ताई समजावून थकल्या. "आजी, बसलेल्या माणसाचा भार खुर्चीवर असतो. तो आधी पावलांवर यायला हवा. नाक पायाच्या बोटांपुढे गेलं, की बूड आपोआप हलकं होतं."

शेवटी आजोबाच जड जिभेने म्हणाले, "अगं, मला कपाट समज. कपाट कोणी सरळ उचलतं का? आधी तिरकं करायचं."

आजींना हसू फुटले, डोळेही भरून आले. या वेळी त्यांनी छातीवरचा हात काढून घेतला. आजोबा पुढे झुकले, आणखी झुकले, आणि उठले. मला वाटले होते, सारा भार माझ्यावर येईल. आला तो अगदी थोडा. बाकी आजोबा आपले आपणच उठले होते.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. दारामागच्या खुंटीवर माझी जागा ठरली. आजोबांना दुसरे काही नको होते, फक्त संडासला आपल्या पायांनी जायचे होते. तेवढे जमू लागले आणि त्यांचा चेहरा पालटला. बक्कल रोज एकाच ठिकाणी बसून माझ्या अंगावर तिथे एक वळ उमटला. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले.

मग मुलगा चार दिवस राहायला आला. आजी अंघोळीला गेल्या होत्या. आजोबांना उठायचे होते. त्यांनी माझ्याकडे डोळ्यांनी खुणावले आणि म्हणाले, "पट्टा."

"पट्टा कशाला, बाबा? मी आहे ना."

त्याने बगलेत हात घातले आणि एका झटक्यात बापाला वर उचलले. त्याच्या अंगात ताकद होती, मनात माया होती. आजोबा जे ओरडले, ते मला आजही ऐकू येते.

डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, पण भीती गेली नाही. नंतर कोणी पुढे वाका म्हटले, की आजोबा अंग ताठ करून मागेच रेलायचे. आजींनी विनवले, कपाटाची आठवण दिली. मी कमरेला असूनही कुचकामी ठरलो. अखेर त्यांना शुश्रूषागृहात न्यावे लागले. आजी मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. तिथे उचलायला यंत्र आहे, पट्टा परत न्या, असे सांगण्यात आले. मी परत आलो. आजोबा आले नाहीत.

आजींनी मुलाला एका शब्दाने दुखवले नाही. मला मात्र खुंटीवर बघणे त्यांना सोसेना. त्यांनी मला वापरून जुन्या गाद्या बांधल्या आणि गठ्ठा माळ्यावर टाकला. धूळ खात मी बरीच वर्षे तिथे पडून होतो.

परवा गठ्ठा खाली आला. आजींचे खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झाले होते आणि मुलगा आता त्यांच्यापाशीच राहत होता. त्याने मला झटकले, आजींच्या कमरेला गुंडाळले. आजोबांचा वळ कुठल्या कुठे राहिला आणि माझे टोक आजींच्या गुडघ्याखाली लोंबू लागले. आजी पुढे झुकल्या. लगेच मुलाचा हात त्यांच्या छातीवर गेला.

"अडवू नकोस रे," आजी म्हणाल्या. "मला कपाट समज."

त्याने हात काढला. आजी झुकल्या आणि उठल्या.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकलेत तरी चालेल. पण कोणाला उठवायची वेळ आली, तर ओढू नका. जवळ उभे राहा, आणि त्याचे त्याला उठू द्या.

"बाबा असेच उठायचे?" मुलाने विचारले.

"असेच. मी नुसती धरून असायचे."

आजी कधीच्या नीट उभ्या राहिल्या होत्या. मुलगा मात्र मला सोडायला तयार नव्हता.