वीतभर बाकडं

चढावरचं लोखंडी बाकडं तिसऱ्यांदा चोरीला गेलं, तेव्हा पालिकेचा इंजिनियर इरेला पेटला. गल्लीत त्याला सगळे 'मजबूत' म्हणत, कारण गटाराच्या झाकणापासून पुलापर्यंत आपल्या प्रत्येक कामाला तो तेच विशेषण लावायचा. या खेपेला त्यानं सकाळी सकाळी माणसं आणून नव्या बाकड्याचे पाय खोल गाडले आणि वरून काँक्रीट ओतलं. चोराच्या बापालाही उपटता येऊ नये, असं. फक्त त्यावर कुणी बसतंही, हे त्याच्या ध्यानातून गेलं. बाकडं जमिनीवर जेमतेम वीतभर उरलं.

लोक येताजाता हसले. ब्लाउज शिवणारी हसली नाही. तिची आई रोज दुपारी चढ चढून आपल्या बहिणीकडे जायची. गुडघे निम्म्या वाटेपर्यंतच साथ द्यायचे. तिथं बाकड्यावर दम खायचा आणि मग पुढं. वर मावशी अंथरुणाला खिळलेली. दोघी मिळून साऱ्या नातेवाइकांची सालटी काढायच्या. त्याखेरीज मावशीला आता कसलं औषध लागू पडत नव्हतं.

दुपारी शेजारीण धापा टाकत आली. "अगं, मशीन सोड! तुझी आई अडकलीय!"

आई बाकड्यावर होती, गुडघे हनुवटीला टेकलेले. "बसायला बसले गं," ती म्हणाली, "पण उठायचं काही जमेना."

दोघींनी तिच्या काखेत हात घालून तिला कसंबसं उभं केलं. तेवढ्यात मजबूत आला, फोटोवाल्याला घेऊन.

"आजींना जरा बाजूला घ्या. बाकड्याचा फोटो काढायचाय."

"साहेब, यावर माणूस बसणार कसा?"

"चोरीला जाईल का, ते सांगा."

"कोण नेणार हे? पण बसायचं कसं?"

"बाई, आमच्याकडे तक्रार चोरीची होती. ती मिटली. बसण्याचं खातं वेगळं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर एका घराचं बांधकाम चालू होतं. गवंड्याला न विचारता तिनं त्याची पहार उचलली आणि बाकड्याच्या पायाशी खुपसली. काँक्रीट अजून ओलंच होतं.

"अहो, काय करताय! सरकारी मालमत्ता आहे ती!"

"चोरतेय! डोळ्यांदेखत चोरतेय! काढा माझा फोटो!"

गवंडी आपली पहार मागायला आला आणि आईकडे बघून पहारीवर स्वतःच जोर देऊ लागला. शेजारणीनं पदर खोचला. तिघांनी मिळून बाकडं हासडून वर काढलं आणि तिथंच सपाट जागा बघून ठेवलं. पायांवरून ओला चिखल ओघळत होता.

"चोर सापडलाय, लगेच या," मजबूत फोनवर ओरडत होता. "अहो, बाई आहे! नाही, पळत नाहीये! भांडतेय!"

"पळू कशाला? तुमचं बाकडं आहे ना, बसा की! बसा! पुन्हा गाडलंत तर पुन्हा उपटीन!"

मागं आई बाकड्यावर नीट टेकली होती. तिनं दम खाल्ला, पदरानं कपाळ पुसलं आणि बाकड्याच्या हाताला धरून आपली आपण उठली.

"तुझं चालू दे," ती लेकीला म्हणाली. "मी वर जाऊन येते. ती वाट बघत असेल."

आणि ती चढ चढू लागली.