तळहाताचा फोटो

“काळा कोट लावून द्या जफरभाऊ. पाच वाजता शोकसभा हाय,” असं म्हणून सुरभीनं मोबाइल काउंटरवर ठेवला.

जफरनं तो सवयीनं उचलला. नेरच्या बसस्टँडसमोर एकवीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्याला मेलेल्या माणसांना कोट घालायची सवय असते. आधार कार्डावरचा चेहरा उचलायचा, मान जुळवायची, कोट चढवायचा. जन्मभर बनियनवर राहिलेला माणूस हारापुरता साहेब होऊन बसतो. त्यानं मोबाइलवरच्या आधार कार्डातला चेहरा मोठा केला.

“हे तर सर हायेत!”

“तुमाले नाही समजलं?” सुरभीचे डोळे सुजलेले होते. “काल पहाटे गेले आमचे बाबा. अटॅक आला.”

जफर तीन दिवस लग्नाच्या ऑर्डरवर किनवटला होता. तासाभरापूर्वी परतला होता, मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

सर म्हणजे बाभुळगावचे मारोतराव ढोले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. पण जिल्हा त्यांना ओळखायचा तो फोटोग्राफीवर लिहिणारा माणूस म्हणून. तीन पुस्तकं आणि दर रविवारचं सदर. वणीपर्यंतच्या स्टुडिओवाल्यांनी त्याची कात्रणं जपली होती. ‘मेलेल्याला उसना कोट घालू नका, जसा दिसत होता तसा राहू द्या,’ हे त्यांनीच लिहिलं होतं. ते वाचून जफर तावातावानं भांडायला गेला आणि चेला होऊन परतला. कोट लावणं मात्र सुटलं नाही. गिऱ्हाईक मागतं, काय करता!

तेव्हापासून सर दर सोमवारी एसटीनं यायचे, स्टुलावर बसायचे आणि तळहात पुढे धरायचे. “चेहरा मंग पाह्य. आधी हातावर उजेड कसा पडते ते पाह्य,” म्हणायचे. जफर हाताचा फोटो काढून लाइट बसवायचा. चेहऱ्याचा काढू का विचारलं, की उत्तर ठरलेलं. “तुले अजून येत नाही बाबू. येईन तवा मीच सांगीन.”

“घरी एखादा चांगला फोटो नाही काय?” जफरनं कसंबसं विचारलं.

“साऱ्या गावाचे काढले, सोताचा एक नाही.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुरभी म्हणाली, “पण सोमवारी तर तुमच्याचकडे आलते नं? नवा निळा शर्ट इस्त्री करून घातला. म्हने, जफर आता तयार झाला, आज फोटो काढून घेतो. तो काहून नाही देत?”

जफरनं रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

सोमवारी शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या फोटोंसाठी पोरांची रांग दाराबाहेर गेली होती. सर येऊन स्टुलावर बसले. त्यानं नेहमीसारखं “सर, हात” म्हटलं, लाइट पाहिला आणि “आज लय गर्दी हाय, पुढच्या सोमवारी निवांत बसू” म्हणून त्यांना उठवलं. सर हसले, स्टूल पहिल्या पोरासाठी नीट सरकवलं आणि गेले. एकवीस वर्षं उजेड पाहणाऱ्याला समोरचा नवा शर्ट दिसला नव्हता!

“ताई, मी काढलाच नाही,” तो म्हणाला. “रांग होती म्हून मी त्याइले उठवलं.”

सुरभी बाकावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

जफरनं कॉम्प्युटर लावला. सोमवारचा पहिलाच फोटो उघडला. पुढे तळहात, रेघन्‌रेघ दिसावी इतका स्वच्छ. मागे निळी कॉलर आणि धूसर चेहरा. धूसर असला तरी हसू कळत होतं.

“चेहरा साफ नाही आला. चूक माही हाय,” तो म्हणाला. “म्हणान तर कोटवाला करून देतो.”

सुरभी पडद्याजवळ आली. त्या हसण्यावर तिनं बोट टेकवलं.

“कोट नोका लावू,” ती म्हणाली.

पाच वाजता बाभुळगावच्या वाचनालयात फूल वाहायला माणसांची रांग लागली. जफरची पाळी आली तेव्हा खिडकीतलं ऊन फ्रेमच्या काचेवर पडून तळहातामागचा सरांचा चेहरा पार पुसला गेला होता. त्यानं हातातलं फूल खाली ठेवलं आणि फ्रेम बोटभर वळवली, मग अजून थोडी.

“सरका नं भाऊ, लाइन हाय मांगं,” पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

“थांबू द्या लाइनीले,” जफर म्हणाला.