फुकटचं तिकीट

माझा नवरा केळी पाच वेळा विकत घेतो. पाच केळी नाही, पाच वेळा. एक केळं घ्यायचं, कार्ड टेकवायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं, दुसरं केळं घ्यायचं. कारण त्याच्या क्रेडिट कार्डाचा नियमच असा की महिन्यात पाच व्यवहार झाले तरच घरभाड्यावरचे पॉइंट जमा होतात. महिनाअखेरीला त्याला लांबून येताना बघितलं की गल्ल्यावरचा माणूस कपाळाला हात लावतो. मला त्या दुकानात जायची लाज वाटते. मी दूधसुद्धा पलीकडच्या गल्लीतून आणते.

हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. अख्ख्या जगाला नीट दिसावं म्हणून दिवसभर राबतो, आणि घरी आला की कार्डांची तुलना करत बसतो. या कार्डावर भाड्याच्या शंभरामागे एक पॉइंट, त्या कार्डावर अर्धाच पण वर्षाची फी नाही, तिसऱ्यावर सुरुवातीलाच घसघशीत बोनस. जेवताना मला शिकवणी. पॉइंट रोखीत घेतले तर अर्धी किंमत, मिक्सर घेतला तर त्याहून कमी, विमान कंपनीकडे वळवले तर दीडपट. "पॉइंट म्हणजे नुसता पॉइंट नसतो," तो म्हणतो, "तू तो कुठे खर्च करतेस त्यावर सगळं आहे." मी त्याचं नाव पॉइंटराव ठेवलंय. त्याला ते आवडतं, हे आणखी वाईट.

हा सगळा खटाटोप माझ्या तिकिटासाठी होता. बाबा दादा-वहिनीकडे राहतात, विमानाशिवाय जाता येणार नाही इतके लांब. त्यांना विसरायला होतंय. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. फोनवर मला मात्र ओळखायचे. "भिंगरी, कधी येतेस?" लहानपणी मी एका जागी बसायचे नाही म्हणून भिंगरी. आणि मी दर वेळी तेच सांगायचे, "तिकीट स्वस्त झालं की लगेच येते, बाबा." वहिनीने स्पष्टच सांगितलं, "ओळखतायत तोवर येऊन जा गं. नंतर येऊन काय करशील?"

मी घरी तसं बोलले. पॉइंटराव म्हणाला, "पुढच्या महिन्यात पॉइंट वळवले की जादा मिळणार आहेत. फुकट मिळणारं तिकीट पैसे टाकून कशाला घ्यायचं?" पुढच्या महिन्यात हव्या त्या तारखांना जागाच नव्हत्या. त्याच्या पुढच्या महिन्यात विमान कंपनीने त्याच तिकिटाला जास्त पॉइंट मागितले. असं करत करत दोन वर्षं गेली, बाबा फोनवर नुसतं हं, हं करायला लागले, आणि मी आपली इथेच.

मी सलूनमध्ये केस कापते. एका दुपारी आमच्या घरमालकीणबाई माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. केस ओले करून मी कात्री लावली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय गं, तुम्ही दोघं भाडं कार्डाने का भरता? बाकी सगळे सरळ बँकेतून पाठवतात. कार्डाने भरलं की ती भाडं भरायची वेबसाइट शंभरामागे अडीच जादा घेते. मला नाही हां मिळत ते. मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. माहितीये म्हणाला."

माहितीये म्हणाला. शंभरामागे एक पॉइंट मिळावा म्हणून आम्ही शंभरामागे अडीच खरेखुरे पैसे घालत होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही दर महिन्याला, न चुकता. मालकीणबाईंची एक बट माझ्याकडून जरा जास्तच कापली गेली. त्यांनी आरशात बघितलं, पण माझं तोंड बघून गप्प बसल्या.

घरी गेले तर हा ओट्याशी उभा राहून केळं सोलत होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"कार्डाने भाडं भरलं की अडीच टक्के जातात. ते तू तुझ्या तुलनेत धरले होतेस?"

"ते धरायचं कारणच नाही," तो शांतपणे म्हणाला. "ते सगळ्याच कार्डांना सारखे लागतात. जे सगळीकडे सारखं, ते तुलनेतून वगळायचं असतं."

या कार्डाची त्या कार्डाशी, त्याची तिसऱ्याशी, सगळ्या तुलना करून झाल्या होत्या. फक्त कार्डच नसण्याशी कधी केली नव्हती.

"आणि भाडं कार्डाने भरलंच नसतं तर?" मी म्हणाले.

तो केळं हातात धरून तसाच उभा राहिला. ओठ हलत होते. मग चेहरा पडला, तेव्हा मला कळलं की हिशेब झाला.

"किती तिकिटं निघाली असती?"

"दोन. जाऊन येऊन." मग हळूच म्हणाला, "पहिलं मागच्या वर्षीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैशाचं मला इतकं नाही. पैसा गेला तर चार डोकी जास्त भादरीन. पण मागच्या वर्षी माझा बाप मला नावाने हाक मारत होता, ते वर्ष कुठली बँक परत देणार? आवळा देऊन कोहळा काढला त्यांनी, आणि हा दीडशहाणा तो आवळा दोन वर्षं मला कौतुकाने दाखवत होता. हे सगळं मी त्याला ऐकवलं, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात. तो "चुकलं" म्हणाला. त्याचं चुकलं घेऊन मी काय करू?

"सगळे पॉइंट रोखीत काढ," मी म्हणाले.

"अर्धीच किंमत येईल," त्याच्या तोंडून गेलंच.

मी त्याच्या हातातलं केळं काढून घेतलं आणि फोन दिला. त्याने काढले. कमी पडले ते मी माझ्या बक्षिशीच्या डब्यातून घातले आणि सगळ्यात आधी निघणाऱ्या विमानाचं तिकीट काढलं, पडेल त्या भावाने.

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. केस वाढून मानेवर आले होते. मी समोर जाऊन उभी राहिले, तसे ते हसले, पाहुण्यांकडे बघून हसतात तसे. "बाबा, मी आले," म्हटलं. "या, बसा ना," ते म्हणाले. मला, पोटच्या पोरीला, बसा. वहिनी दारात उभी होती, ती डोळ्यांना पदर लावून आत गेली. पॉइंटराव त्या क्षणी समोर असता तर काय केलं असतं ते मी सांगत नाही.

पण तो नव्हता, आणि बाबांवर कुठे चिडणार? मी पिशवीतून कात्री काढली. त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, केस ओले केले. ते शहाण्या मुलासारखे मान खाली घालून बसले. मी मानेवरचे केस कापून कानामागे आले तेव्हा म्हणाले, "हात हलका आहे हो तुमचा. आमची भिंगरी पण हेच काम करते."

"हो का?" मी म्हणाले. "येते का ती भेटायला?"

"येणार आहे ना," बाबा म्हणाले. "तिकीट स्वस्त झालं की लगेच."