ढब्बूची ओळखीची माणसं

तो कवळ्या बनवायचा. शहरातले चार दंतवैद्य त्याच्याकडे तोंडाचे ठसे पाठवायचे आणि घरामागच्या खोलीत बसून तो त्यांवरून दात घडवायचा. ज्यांच्यासाठी दात केले त्यांतलं एकही माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत त्याला सगळे दातवाले म्हणत.

बायको वेगळी राहायला गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. मोठं भांडण असं झालंच नाही. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीत दार शोधायचं," एवढं म्हणून तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तेरा वर्षांची मुलगी शाळेसाठी बापाजवळ राहिली. सुरुवातीला नातेवाईक येऊन जात. चौकश्यांना उत्तरं देऊन दातवाले कंटाळले, उत्तरं न मिळून नातेवाईक कंटाळले, आणि येणं-जाणं बंद झालं.

कुत्र्याचा हट्ट मुलीचा. "मोठा हवा, बाबा. शाळेतून आल्यावर दार उघडलं की घरात कुणीतरी आहे असं वाटायला पाहिजे."

शहराबाहेर एक बाई मॅस्टिफ जातीचे राखणीचे कुत्रे पाळायची. पायात गमबूट, हाताला औषधाचा वास. तिने आधी पिल्लांची आई दाखवली. "आई बघा. तिच्याजवळ उभं राहायला भीती वाटली तर पिल्लू न बघताच परत जा." आई वासरासारखी थोराड होती. दोघांना हुंगून ती पुन्हा उन्हात आडवी झाली.

आठ पिल्लं होती. एक धावत येऊन मुलीच्या बुटाची नाडी ओढायला लागलं. एक कोपऱ्यात तोंड घालून बसलं. बाई म्हणाली, "हा दांडगा नको, तुम्हाला आवरायचा नाही. तो भित्राही नको, भित्राच पुढे चावतो. तो मधला बघा." मधल्याने आधी लांबून पाहिलं, विचार केल्यासारखं थांबला, मग सावकाश येऊन मुलीच्या मांडीला टेकला. दातवाल्यांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. "वरचे-खालचे दात बरोबर बसतात," ते म्हणाले. त्या दिवशी ते आपणहून बोलले ते एवढंच.

"घरात माणसं किती?" बाईने विचारलं.

"दोन."

"येणारी-जाणारी?"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे बघा," बाई म्हणाली, "लहानपणी जेवढी माणसं बघेल तेवढं जग याला ओळखीचं. बाकी सगळे परके. चार महिन्यांचा व्हायच्या आत याला शंभर माणसांचा हात लागला पाहिजे. म्हातारे, पोरं, टोपीवाले, काठीवाले, सगळे. नाहीतर हा तुमच्यावर जीव टाकेल आणि दाराबाहेरच्या एकालाही उभं करणार नाही."

दातवाल्यांनी मान डोलावली. घरी येताना मुलीने पिल्लाचं नाव ढब्बू ठेवलं.

पहिल्या रविवारी माणसं बोलवायची ठरली, तेव्हा कुणाला बोलवायचं हेच सुचेना. मग ते ढब्बूला घेऊन शाळेसमोरच्या बाकावर जाऊन बसले. पोरं गोळा व्हायची, ढब्बू लोळण घ्यायचा, आणि मुलं काही विचारतील म्हणून दातवाले भलतीकडे बघत बसायचे. तीन आठवडे हे चाललं. मग मुलीला ताप आला, कवळ्यांचं काम साठलं, आणि बाक राहून गेला तो राहूनच गेला.

घरात मात्र ढब्बू छान वाढला. हाडं भरेपर्यंत पायऱ्या चढायच्या-उतरायच्या नाहीत म्हणून दातवाले त्याला कडेवर घेऊन चढ-उतर करत. सहाव्या महिन्यात त्यांच्या कमरेने हात टेकले. दुधाचे दात पडायला लागले तेव्हा खाली सांडलेला प्रत्येक दात उचलून ते मुलीला सांगत, हा सुळा, हा पुढचा. मुलगी हसायची. तेवढे दोन महिने घरात बोलणं होतं.

ढब्बू वर्षाचा असताना पार्सलवाला दारात आला आणि ढब्बू पहिल्यांदा गुरगुरला. आवाज मोठा नव्हता, पण पार्सलवाल्याने खोकं पायरीवर ठेवलं आणि तो मागच्या मागे गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, याला आत्ताच शिकवायला हवं." दातवाले हो म्हणाले. पण मनातून त्यांना हायसं वाटलं होतं. आता दार न उघडायला कारण होतं. पुढे कुणी फोन केला की ते म्हणत, "या की, पण कुत्रा आहे हो आमचा." मग कुणी येत नसे.

मुलीच्या मैत्रिणीही बाहेरूनच हाक मारायच्या. अठराव्या वर्षी ती कॉलेजसाठी आईच्या शहरात गेली. ढब्बू आठवडाभर तिच्या खोलीत बसून होता. दातवाले त्याचं खाणं तिथेच नेऊन ठेवत आणि स्वतःचं ताटही तिथेच घेऊन बसत.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी फळीवरचा प्लास्टरचा डबा काढताना त्यांचा तोल गेला. घोटा मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. फोन पुढच्या खोलीत होता. त्यांनी हाक मारली. कुणाला मारावी हे न कळून नुसतंच "अहो, अहो" केलं.

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे, एकटेच. सहा वर्षांत दोघांत मान हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. ते धावत आले. दाराला कुलूप नव्हतं; त्यांनी ते ढकललं आणि थांबले. समोर ढब्बू उभा होता. भुंकत नव्हता. नुसता उभा होता.

"मी आत येऊ का?"

"नका येऊ," दातवाले आतून म्हणाले. "ढब्बू, इकडे ये."

ढब्बू हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांचं ऐकलं नाही. मग दातवाले कोपरांवर सरपटत निघाले. दोन खोल्या पार करायला अर्धा तास लागला. ड्रायव्हर दारातून सांगत होते, "सावकाश. मी बोलावलेली ॲम्ब्युलन्स आली आहे, थांबायला सांगितलंय." ढब्बूच्या गळ्यात हात घालून, त्याच्याच आधाराने ते न्हाणीघरापर्यंत गेले आणि त्याला आत कोंडून त्यांनी कडी लावली. आतून तो रडायला लागला. स्ट्रेचरवर घेतानाही दातवाले म्हणत होते, "त्याचा दोष नाही. माझा आहे."

मुलगी आली, तिने ढब्बूला न्हाणीघरातून मोकळं केलं आणि दोन दिवस राहिली. तिची परीक्षा होती. "ढब्बूचं काय?" तिने हॉस्पिटलात विचारलं. ड्रायव्हर भेटायला आले होते. ते म्हणाले, "मी बघतो. मला खाणार नाही ना?"

"घरात गेलात तर सांगता येत नाही," दातवाले म्हणाले.

मग असं ठरलं की मागचं दार अंगणाकडे उघडं ठेवायचं, आणि ड्रायव्हरांनी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून खाणं सरकवायचं. आठ दिवसांनी दातवाले कुबड्या घेऊन घरी आले. ढब्बूने आनंदाने अंगावर येऊन त्यांना जवळजवळ पाडलंच. मग पायाचं प्लास्टर हुंगून तो दिवसभर त्यांना चिकटून राहिला. संध्याकाळी पाच वाजता मात्र उठला आणि खिडकीखाली जाऊन बसला. साडेसहापर्यंत बसला. दुसऱ्या दिवशीही. कुणी आलं नाही. मालक परत आल्यावर ड्रायव्हरांना कशाला यावंसं वाटेल?

दातवाल्यांना ते बघवेना. थोडा रागही आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते कुबड्या टेकत शेजारच्या दारात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"तो वाट बघतोय," ते म्हणाले.

ड्रायव्हर चपला शोधायला लागले. "मी त्याला जुन्या रूटचे थांबे म्हणून दाखवायचो," ते ओशाळून म्हणाले. "दुसरं काय बोलणार कुत्र्याशी? ऐकतो मात्र शहाण्यासारखा."

त्या दिवशी ते खिडकीबाहेर बादली पालथी घालून बसले. आतल्या बाजूला खुर्चीत दातवाले, मध्ये गजांना नाक लावून ढब्बू. पहिल्यांदा दोघे ढब्बूबद्दलच बोलले. पाचव्या-सहाव्या दिवशी ड्रायव्हर म्हणाले, "तुमच्या मिसेस..." आणि थांबले. दातवाल्यांनी नेहमीसारखं तोंड फिरवलं नाही. "ती गेली, तिला गप्प माणूस सहन होईना," ते म्हणाले, "आणि तिचं काही चुकलं नाही."

उन्हाळ्यात ढब्बूला मुसकं घालून, पट्टा धरून ड्रायव्हरांना एकदा आत घेतलं. ढब्बू ताठ झाला, गुरगुरला, आणि अर्ध्या तासाने दोघांच्या मधोमध आडवा पडला. डोळे त्याने मिटले नाहीत. दुसऱ्या कुणाला त्याने कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि नवी माणसं ओळखायला शिकायचं वय आता त्याचं राहिलंही नव्हतं.

ड्रायव्हर साडेसहाला उठत. ते गेले की घर पुन्हा शांत व्हायचं आणि ताटातल्या चमच्याचा आवाज दातवाल्यांना ऐकू यायचा. मुलीचा फोन रविवारी असे. एका रविवारी फोनची वाट न बघता त्यांनीच तिला लावला, आणि ती काय झालं म्हणून घाबरली तेव्हा म्हणाले, "काही नाही गं. सहजच केला."