चिकूखालचं गोणपाट

मी गोणपाट बोलतोय. नाक दाबून ऐकलंत तरी चालेल, मला सवय आहे.

तागाचा आहे मी. तीन हंगाम भात वाहिला. आशागडच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर, सुदामच्या घरी उंदरांनी माझी कड कुरतडली आणि मी कणगीजवळून उठून उंबऱ्यावर आलो. सुदामच्या बायकोने, जमनाने, मला दुमडून पायपुसणं केलं.

घर नवीन, सरकारी घरकुल योजनेतलं. पांढऱ्या लाद्या. त्या लाद्यांचा या घराला भारी माज. जुन्या घरात भुई शेणाने सारवलेली असायची. कोंबडीने काही करो, शेळीने करो, भुई पिऊन टाकायची. वर शेणाचा हात फिरवला की संपलं. लादी पीत नाही. लादी चुगली करते.

पौषात बिबट्याने अंगणातला कुत्रा नेला. बिबट्याला इथे वाघच म्हणतात. सकाळी नुसती साखळी पडलेली. म्हणून नवं पिल्लू आलं, आणि सुदामच्या पोरीने, प्रगतीने, त्याला घरात घेतलं. भुऱ्या त्याचं नाव. प्रगती एकोणीस वर्षांची, बारावी अर्धवट सोडून घरी बसलेली.

तिच्या आजाने, काकड्याने, जन्मात घरातला कुत्रा पाहिला नव्हता.

"होळीपर्यंत शिकला तर शिकला," तो म्हणाला. "नाय तर अंगणात बांधीन."

"आजा, तिथं वाघ येतो."

"वाघोबाला नारळ दिलाय मी."

"मागच्या टायमालाही दिलास. त्याने नारळ ठेवला नि कुत्रा नेला."

भुऱ्या लादीवर मुतला की सुदाम त्याची मानगूट धरून नाक त्या ओल्यात घासायचा, वर पाठीत चप्पल. म्हणायचा, "याशिवाय अक्कल येत नाय." त्याला त्याच्या बापाने तसंच शिकवलेलं. दोघांना किती अक्कल आली ते तुम्हीच बघा.

मग मला उचलायचे, माझ्यानेच लादी पुसायचे, विहिरीच्या पाण्यात दोनदा बुचकळायचे, उन्हात टाकायचे आणि संध्याकाळी पुन्हा उंबऱ्यावर. धुतलं की वास गेला, असं यांना वाटतं. माणसांच्या नाकाची कीव येते मला. मी प्यायलेलं सोडत नाही. पिल्लाच्या नाकाला मी उंबऱ्यावरून ओरडून सांगत होतो की मुतायची जागा इथे आहे. पिल्लू इमानाने इथे यायचं आणि चप्पल खायचं. चूक माझी होती, आणि तोंड मला नव्हतं.

मार खाऊन भुऱ्या एकच गोष्ट शिकला. माणसांसमोर मुतायचं नाही. प्रगती त्याला घेऊन चिकूच्या झाडाखाली तासतासभर उभी राहायची. तो पाय आवळून तिच्याकडे बघत बसायचा. आत आला की कणगीमागे धार.

"स्वतः शाळा सोडली, आता कुत्र्याची शाळा काढलीय," सुदाम हसला.

"मला शिकवलं तसं नाय शिकवणार त्याला."

सुदामचं हसू तिथेच राहिलं. कॉलेजात सरांनी तिला नापासाचा पेपर सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावला होता. घरी आल्यावर बापानेही तेच केलं, आजासमोर, दोनदा. मी तेव्हा उंबऱ्यावरच होतो. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

एकदा तारेवर कपडे होते म्हणून जमनाने मला चिकूखाली पसरलं आणि विसरली. भुऱ्या आला, हुंगलं, तीनदा गिरकी घेतली आणि माझ्यावर मोकळा झाला. प्रगती ओट्यावरून बघत होती. ओरडली नाही. त्याचं झाल्यावर सुक्या बोंबलाचा तुकडा दिला. "शाब्बास रे माझ्या." आणि मला तिथून हलवलंच नाही. चार दिवस लाद्या कोरड्या.

होळीच्या आदल्या दिवशी समुद्राकाठच्या झाईहून सुदामची बहीण संगीता आली, लाद्या बघायला. जमनाला लाज वाटली. "पावणी येते नि दारात काय नाय!" मला बुचकळलं, पिळलं आणि उंबऱ्यावर आणून टाकलं. प्रगती पाण्याला गेलेली.

ती हंडा घेऊन आली तेव्हा भुऱ्या उंबऱ्यावर, बरोबर पाहुणीच्या पायांशी, पाय फाकवून उभा होता. सुदामने चप्पल काढली. काकड्या उठला, खुंटीवरची साखळी काढली.

"झाली याची होळी," तो म्हणाला.

प्रगतीने हंडा ठेवला. चप्पल धरली नाही, साखळीला हात लावला नाही. मला उचललं, ओलाच, आणि बापाच्या नाकासमोर धरलं.

"घे वास, बाबा. लाव नाक."

"प्रगती!"

"नाक लाव. तो चुकला नाय. त्याची जागा तुम्ही उचलून दारात आणली, नि मार त्याला."

सुदामने तोंड फिरवलं, पण वास नाकात गेलाच. संगीताने मात्र वाकून हुंगलं. "आयो! आमची सुकट बरी गो!"

प्रगतीने मला चिकूखाली नेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. भुऱ्याला वाटीभर ताक पाजलं. काकड्या मांडीवर साखळी घेऊन ओट्यावर बसला. ऊन चिकूवरून सरकलं. भुऱ्या उठला, लादी ओलांडली, ओटा उतरला आणि सगळ्यांच्या देखत माझ्यावर येऊन मुतला.

म्हाताऱ्याने साखळी परत खुंटीला टांगली. शाब्बास म्हणाला नाही. यांच्या तोंडून ते निघतच नाही.

सुदाम मात्र रात्री उशिरा प्रगतीला म्हणाला, "बोंबील संपलेत. आणू का?" एवढंच.

आता पाऊस तोंडावर आलाय. माझे धागे सुटलेत, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. दमलोय मी. भात वाहिला, पाय पुसले, आणि शेवटी हे. पण भुऱ्या आत लादीवर तंगड्या पसरून झोपतो, दार लावलेलं असतं, आणि वाघ रिकामं अंगण हुंगून जातो.

जमनाबाय, उद्या पुन्हा कुणी पावणी येईल. हात जोडतो, मला धुऊन दारात टाकू नकोस.