पहिला घोट

सासऱ्यांच्या दुकानात हिवतापाचा काढा गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदाराच्या पोटात जात असे. गल्ल्यावर बसेल त्याने ताज्या काढ्याचा पहिला घोट सगळ्यांदेखत घ्यायचा आणि चेहऱ्यावरची रेघही हलू द्यायची नाही, असा त्या घराचा शिरस्ता होता. कोयनेलच्या, म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीचा तो काढा इतका कडू की भल्याभल्यांना पूर्वज आठवावेत. सासरे मात्र तो घटाघटा पीत, ओठ पुसत आणि म्हणत, “घ्या, बिनधास्त घ्या.” अख्खा बाजार त्यांना कडूशेठ म्हणे, आणि या नावाने त्यांची मान आणखी ताठ होई.

सुनेला त्या गल्ल्यावर बसायचं होतं. साल कुटून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. कुठली मुळी कुठल्या डब्यात हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तरी तिची जागा मागच्या खोलीतच, कारण घोट घेतला की तिचं तोंड पार वाकडं व्हायचं. नवरा म्हणायचा, “तू पुढे बसलीस तर ताप पळेल की नाही देव जाणे, गिऱ्हाईक नक्की पळेल.” तिने ते मनाला लावून घेतलं. रोज सकाळी दार लावून, आरशासमोर उभं राहून ती जुन्या सालीचा तुकडा चघळायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण हळूहळू भुवया ताब्यात आल्या.

एके दिवशी सासऱ्यांनी स्वतःच हाक मारली. “ये सूनबाई. आज घोट तू घे.”

बातमी कर्णोपकर्णी गेली. समोरचा चांभार हातातली चप्पल टाकून आला. पुढे उभा होता कोपऱ्यावरचा शिंपी, हातात रिकामा डबा घेऊन. त्याची बायको घरी थंडी वाजून कुडकुडत होती. “परवापासून तुमचाच काढा देतोय, शेठ. पण ताप हटायचं नाव घेत नाही.”

“धीर धर जरा,” सासरे म्हणाले. “नवं पोतं आहे. साल मी स्वतः चावून घेतलीय.”

सुनेने पेला उचलला, देवाचं नाव घेतलं आणि मोठा घोट घेतला. मग ती कडवटपणाची वाट बघत राहिली. तो आलाच नाही. जिभेवर नुसतं गरम, मातकट पाणी.

“वा!” चांभार ओरडला. “रेघ हलली नाही!”

“बघा,” सासऱ्यांचा आवाज भरून आला. “माझ्या घरची सून आहे. आजपासून गल्ला हिचा.”

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. गप्प बसायला कुणी मनाई केली नव्हती. तोंड मिटून गल्ल्यावर बसावं, पोत्याचं काय ते घरात बघता येईल. पण शिंप्याने डबा पुढे केला होता. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

“बाबा, हा काढा कडू नाही.”

“काहीतरीच काय!” सासऱ्यांनी पेला ओढून घेतला, उरलेला काढा पिऊन टाकला. तोच थंड, दगडी चेहरा. तो बघून सुनेच्या ध्यानात आलं. साल खरी असो की खोटी, या माणसाला काहीच लागत नव्हतं. केव्हापासून, कोण जाणे.

सासऱ्यांनाही ते उमगलं असावं. त्यांनी पोत्यातला तुकडा काढून शिंप्यापुढे धरला. “चाव.”

शिंप्याने आधीच डोळे घट्ट मिटून चावला. मग एक डोळा उघडला. “लाकडासारखं लागतंय, शेठ.”

सासऱ्यांना साल विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. ते उठले आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “साल खोटी आहे. माझी जीभ गेलीय. मला कळलं नाही, हिला कळलं.”

त्यांनी पातेलं स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं. मग शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बायकोला दवाखान्यात नेऊ, आत्ताच. रक्त तपासू दे, गोळ्या सुरू होऊ देत. फार वेळ वाया घालवला आपण. माझ्यामुळे गेलाय, मीही येतो.”

सून गल्ल्यावर बसली. छाती अभिमानाने भरून आली होती, स्वतःबद्दल आणि त्याहून जास्त रस्त्यात उतरलेल्या त्या म्हाताऱ्याबद्दल.

तेवढ्यात एक बाई लगबगीने आली. “काढा आहे ना?”

“नाही,” सून म्हणाली. “साल खोटी निघालीय. ताप असेल तर दवाखान्यात जा, यांच्याबरोबरच.”

बाईला ते पटेना. कालची पोरगी आणि नाही म्हणते! ती सासऱ्यांकडे वळली. “शेठ, अहो, तुम्ही तरी सांगा.”

सासरे चालता चालता थांबलेही नाहीत. “दुकान तिचं आहे,” ते म्हणाले. “तिने सांगितलं ना?”